लाकूड मोजून, नक्षी फुकट

जुन्या शिसवी खुर्चीचा भाव करायला आलेला माणूस तिच्यावर बसून बघत नाही, नक्षीवरून हातही फिरवत नाही. तो ती मागच्या बाजूनं एका हातानं जराशी उचलतो. जड लागली की शिसव खरं. मग मनातल्या मनात घनफुटांचा हिशेब, त्यातून हमाली, टेम्पो, दुरुस्ती वजा, आणि एक आकडा. घरच्यांना तो आकडा बरा वाटतो, कारण त्यांच्या लेखी ती खुर्ची म्हणजे कित्येक वर्षं जागा अडवून बसलेली अडगळ. व्यवहार चहा संपायच्या आत उरकतो.

या व्यवहारात लाकडाचे पैसे हातात पडतात. ज्या कारागिरानं त्या खुर्चीच्या पाठीवर वेल चढवली, वेलीत पोपट बसवले, हातांच्या टोकांना सिंहाची तोंडं कोरली, त्याच्या कामाचं मोल त्यात धरलेलंच नसतं. ती कुणी, कधी, कोणत्या घरासाठी बनवून घेतली, संचात आणखी किती खुर्च्या होत्या, याची तर विचारपूसही होत नाही. पुढं दोन-तीन हात बदलून हीच खुर्ची एखाद्या लिलावाच्या कॅटलॉगात येते तेव्हा मात्र हेच सगळे प्रश्न आधी विचारले जातात, आणि उत्तरं द्यायला कुणी उरलेलं नसतं.

कोरीव फर्निचर विकायला निघालेली बरीच मराठी कुटुंबं आणि त्यांच्याकडून माल घेणारे लोक पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. वस्तूची किंमत शंभर-दीडशे वर्षांत जितकी उतरत नाही, तितकी विक्रीच्या आधीच्या शेवटच्या महिन्यात उतरते, आणि ती आपणच उतरवतो.

*

मुंबईचं म्हणून जगभरच्या संग्रहालयांत ओळखलं जाणारं जे कोरीव फर्निचर आहे, ते शिसवाचं. वनस्पतिशास्त्रात डालबर्गिया लॅटिफोलिया. सह्याद्रीच्या आणि कारवारच्या जंगलांतलं हे झाड वाढायला फार वेळ घेतं, पण त्याचं लाकूड घट्ट, वजनदार आणि बारीक कामाला उत्तम. गाभा तपकिरी-जांभळा, त्यात काळ्या रेघा. तेल आणि लाख पिऊन, धूर आणि हात लागून तो काळाभोर होतो, म्हणून इंग्रज त्याला ब्लॅकवुड म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फोर्टातल्या मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या नगीनदास मास्टर रोडवर, या कामाची दुकानं होती. १८५१ साली लंडनला भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात मुंबईचं कोरीव शिसवी काम मांडलं गेलं होतं.

आकार सगळे साहेबाचे. सोफा, गोल मेज, लिहायचं डेस्क, फुलदाणी ठेवायची उंच तिवई, पाठीला पाठ लावून बसायची दुहेरी खुर्ची. नक्षी मात्र इथल्या हाताची. द्राक्षाच्या वेली, फणा काढलेले नाग, पक्षी, पानं, आणि हे सगळं आरपार कोरलेलं, इतकं दाट की साधं लाकूड फक्त बैठकीच्या पट्टीवर दिसावं. ज्यांना मोकळ्या रेषा आवडतात त्यांना ही गर्दी वाटते. मला स्वतःला त्यातले उत्तम नमुने फार आवडतात, कारण एवढ्या गर्दीतही वेल कुठं सुरू झाली आणि कुठं संपली याचा माग डोळ्यांना लागतो. कमी प्रतीच्या कामात वेल मध्येच तुटते आणि पानं नुसती भरावाला येतात. भाव ठरवताना हा पहिला फरक.

हे फर्निचर आधी गोऱ्या अधिकाऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी घेतलं, मग पारशी शेटियांनी, पाठारे प्रभूंनी, भाटियांनी. पारशी घरांत त्याच्या शेजारी आणखी एक काळं कोरीव फर्निचर येऊन बसलं, ते चीनचं. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पिढीतल्या पारशी व्यापाऱ्यांचा कॅंटनशी मोठा व्यापार होता. त्या मार्गानं गारा साड्या आल्या तशीच काळी नक्षीदार मेजं, कपाटं आणि खुर्च्याही आल्या. आज त्या घरांतली पुढची पिढी दोन्हीला एकाच नावानं हाक मारते आणि विकताना एकाच भावात देऊन टाकते. खरं तर ओळखायला कठीण नाही. चिनी तुकड्यात ड्रॅगन, ढग, आलुबुखाराच्या फांद्या आणि बांबू असतात, संगमरवराची लादी लाकडी चौकटीत आतून बसवलेली असते, कधी शिंपल्याची जडावट असते, आणि सांधे खाच-कुसवाचे, बहुतेक खिळ्याविना. मुंबईच्या कामात बैठक वेताची, पाय कातलेले किंवा पंजाचे, आणि पक्षी आपल्या ओळखीचे. दोहोंचे गिऱ्हाईक वेगळे आणि बाजारही वेगळे.

*

खारमधल्या एका पाठारे प्रभू कुटुंबाकडे शिसवी बैठकीचा संच होता: एक मोठा सोफा, दोन हाताच्या खुर्च्या, चार बिनहाताच्या आणि मधलं गोल मेज. मूळ गिरगावातल्या घरातला. इमारत पुनर्विकासाला जाणार होती, नव्या घराच्या लिफ्टमध्ये सोफा मावत नव्हता, आणि घरातल्या दोघी बहिणींना एकेक खुर्ची आठवण म्हणून हवी होती. त्यांनी एका जुन्या मिस्त्रींना बोलावलं, ज्यांचा जन्म अशा वस्तू दुरुस्त करण्यात गेला आहे. ते वस्तू तपासणार होते तेव्हा मीही गेले.

त्यांनी नक्षीकडे सुरुवातीला पाहिलंच नाही. "ताई, उलटी करू या," म्हणाले, आणि खुर्ची चादरीवर पालथी घातली. वस्तूचं वय तिच्या पोटाशी असतं, कारण तिथं कुणी पॉलिश मारत नाही. बैठकीच्या पट्टीच्या आतल्या अंगाला करवतीच्या सरळ, थोड्या वाकड्यातिकड्या रेघा होत्या. दोन माणसांनी वर-खाली ओढलेल्या मोठ्या करवतीच्या या खुणा. गोल यांत्रिक करवतीच्या खुणा कमानीसारख्या येतात आणि एकसारख्या अंतरावर असतात. सांध्याशी पटाशीनं मारलेल्या रेघा दिसल्या. एका पायावर दोन, तो ज्या पट्टीत बसतो तिच्यावरही दोन. सुट्टे भाग कोरून झाले की कुठला कुठं बसवायचा याची ती कारागिराची खूण. सगळ्या खुर्च्यांवरच्या रेघा जुळल्या, म्हणजे पाय मूळचे. एका खुर्चीच्या मागच्या पायावर मात्र खूण नव्हती आणि लाकूड बोटाला वेगळं लागत होतं. तो नंतर कधीतरी बदललेला सागवानी पाय, काळा रंगवलेला.

बैठकीच्या कडेला लहान छिद्रांची ओळ होती, लाकडाच्या भुश्यानं बुजवलेली. मूळ विणकाम वेताचं होतं, पुढं कधीतरी ते काढून फोम आणि रेक्झिन ठोकलं गेलं. ही दुरुस्ती उलट फिरवता येते. वेत विणणारे हात अजून मुंबईत आहेत, त्यांत अंध कारागीरही बरेच, आणि त्यांच्या विणीला तोड नाही. पण रेक्झिन बसवताना ठोकलेल्या खिळ्यांनी पट्टी फाटली असेल तर तो खर्च आधी मोजायला हवा.

मग स्क्रू. जुने स्क्रू हातानं कापलेले असतात, डोक्यावरची खाच मधोमध नसते आणि टोक बोथट असतं. अणकुचीदार टोकाचे यंत्रातले स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर प्रचारात आले. एक स्क्रू बदललेला सापडला म्हणून वस्तू खोटी ठरत नाही, पण सगळेच नवे आणि चकचकीत असतील तर प्रश्न विचारायला हवेत. गोल मेजाचा व्यास मिस्त्रींनी दोन्ही दिशांनी मोजला. लाकूड शिरांच्या आडव्या अंगानं आकसतं, त्यामुळे जुनं गोल मेज काटेकोर गोल राहत नाही. या मेजात फरक पडला होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं.

नक्षी त्यांनी सर्वांत शेवटी पाहिली, टॉर्च आडवी धरून. सोफ्याच्या पाठीवर मधोमध फळांचा घोस आणि दोन्ही बाजूंना पोपट. डावीकडच्या पोपटाच्या पंखाला पिसांचे वळसे जास्त होते, उजवीकडच्याची मान थोडी अधिक वळलेली होती. हाताच्या कामात आरशातल्यासारखी जोडी येत नाही. संगणकावरून चालणाऱ्या यंत्रानं कोरलेल्या नव्या मालात ती हटकून येते, आणि कोरीव भागाच्या तळाला यंत्राच्या गोल पात्याच्या सारख्या रेघाही राहतात. खरा जुना तळ पटाशीच्या छोट्या छोट्या सपाट घावांचा असतो. खोलगट भागात धूळ आणि मेण बसून तयार झालेला काळेपणा, आणि हात टेकतात त्या ठिकाणी उजळलेलं, मऊ झालेलं लाकूड. झीज माणसाच्या वापराच्या जागीच असायला हवी. बनावट वस्तूत ती सगळीकडे सारखी असते, कारण ती साखळीनं बडवून आणि बुटाच्या पॉलिशनं काळी करून आणलेली असते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र मेजाच्या खाली निघाली. लाकडाला चिकटलेला कागदाचा एक तुकडा, कडा वाळवीनं खाल्लेल्या, त्यावर छापील अक्षरांचा मागमूस. दुकानाचं नाव वाचता येत नव्हतं. मिस्त्रींनी तिथं कुणालाही बोट लावू दिलं नाही. त्याचा फोटो तिरक्या उजेडात, आणि मग अतिनील दिव्याखाली काढून घ्या, असं त्यांनी बहिणींना सांगितलं.

त्याच आठवड्यात पॉलिशवाला येणार होता. विकण्याआधी वस्तू 'नवीसारखी' करून घ्यावी असं सगळ्यांनाच वाटतं. तो आधी काचकागदानं घासतो. काचकागद नक्षीच्या कडा गोल करतो, पटाशीचे घाव पुसतो, दीडशे वर्षांत साठलेला रंग उतरवतो. मग त्यावर पीयू किंवा मेलामाइनचा थर बसतो, जो प्लास्टिकसारखा चमकतो आणि काढायचा तर पुन्हा घासावंच लागतं. मूळ पॉलिश चपडा लाखेचं असतं. ती स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्यानं थरावर थर चढवतात, आणि खराब झाली तर स्पिरिटनंच थोडी जागची हलवून सुधारता येते. जाणकार गिऱ्हाईक मळलेली, डागाळलेली, पण अस्सल पृष्ठभागाची वस्तू घासून चकचकीत केलेल्या वस्तूपेक्षा किती तरी जास्त दामानं घेतो. हे सांगूनही लोकांना पटत नाही. बहिणींना पटलं, कारण तो कागद त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. पॉलिशवाल्याला त्यांनी फोन करून नको म्हटलं.

*

कागदाच्या एका चिठोऱ्यानं एवढा फरक का पडतो? याचं उत्तर मुंबई इलाख्यातच शेजारी मिळतं. १८८१ साली लॉकवुड द फॉरेस्ट हा अमेरिकन चित्रकार अहमदाबादेत आला आणि मगनभाई हठीसिंग यांच्या साहाय्यानं त्यानं लाकडी कोरीवकामाचा कारखाना सुरू केला. तिथं कोरलेलं काम अमेरिकेतल्या धनिकांच्या घरांत गेलं. न्यूयॉर्कला अँड्र्यू कार्नेगीच्या घरातली सागवानी खोली आजही पाहता येते, ते घर आता कूपर ह्यूइट संग्रहालय आहे. अहमदाबादच्या सुतारांचा हात आणि मुंबईच्या सुतारांचा हात यांत मला उणं-अधिक काढता येत नाही. पण तिकडे कारखान्याचं नाव आहे, पत्रव्यवहार आहे, कोणत्या घरात काय गेलं याची नोंद आहे. म्हणून तिथल्या तुकड्याला इतिहास आहे आणि इतिहासाला किंमत आहे. आपल्याकडचा सोफा निनावी.

नोंदीचं मोल कळायला चंदीगडचं उदाहरण बोलकं आहे, जरी त्या खुर्च्यांवर नक्षीचा मागमूस नाही. वास्तुकार पिएर जानरेनं तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी आखलेल्या साध्या सागवानी-वेताच्या खुर्च्या कचेऱ्यांनी भंगारात काढल्या, आणि त्याच पॅरिस-न्यूयॉर्कच्या लिलावांत लाखांनी विकल्या गेल्या. तिथं खरेदीदार काय शोधतो? खुर्चीच्या मागं पांढऱ्या रंगानं लिहिलेला खात्याचा क्रमांक. इथं कुणीतरी तो घासून काढायला निघालं असतं. २०११ साली केंद्रीय गृह मंत्रालयानं या फर्निचरच्या विक्रीला आळा घालण्याचा आदेश काढला, पण तोवर पुष्कळ माल गेला होता. शंभर वर्षं पूर्ण न झाल्यानं पुरावस्तूंचा कायदाही त्याला लागू नव्हता.

संच मोडण्याबद्दल एकच आकडा सांगते. मार्च २०१५ मध्ये क्रिस्टीजनं न्यूयॉर्कला रॉबर्ट एल्सवर्थ यांच्या संग्रहाचा लिलाव केला. त्यात हुआंगहुआली या चिनी लाकडाच्या, घोड्याच्या नालेसारख्या पाठीच्या चार खुर्च्यांचा संच होता. अंदाज ८ ते १२ लाख डॉलरचा. विकला गेला ९६ लाख ८५ हजार डॉलरला. अशा खुर्च्या एकट्या मिळतात, जोड्यांनीही मिळतात. चारही एकत्र राहिलेल्या क्वचित, आणि त्यांच्या मागं एका मोठ्या संग्राहकाचं नाव. मुंबईच्या शिसवी संचाला असा भाव येईल असं मी म्हणत नाही, तो बाजारच निराळा आहे. पण तत्त्व तेच चालतं. सोफा एकाला, खुर्च्या बहिणींना आणि मेज जुन्या बाजारात, असं झालं की आठ वस्तूंची बेरीज आठ वस्तूंइतकीही राहत नाही.

   

*

किंमत एक नसते, आणि हे समजून न घेतल्यानं लोक फसवले गेल्यासारखे वाटून घेतात. विम्यासाठी लावलेली किंमत सर्वांत वर, कारण ती वस्तू गेली तर तशीच दुसरी मिळवण्याचा खर्च सांगते. दुकानातली किंमत त्याखाली, तीत दुकानदाराची जागा, दुरुस्ती आणि वर्षानुवर्षं माल पडून राहण्याची जोखीम धरलेली असते. लिलावात हातोडा पडतो ती त्याहून खाली, आणि त्यातून विकणाऱ्याकडून कमिशन कापलं जातं, तर घेणाऱ्याला वर प्रीमियम आणि कर भरावा लागतो. घर पुढच्या महिन्यात रिकामं करायचं असताना मिळते ती सर्वांत खालची. चोर बाजारातला मटण स्ट्रीट किंवा ओशिवऱ्याचं फर्निचर मार्केट इथला व्यापारी तुम्हाला दुकानाच्या किमतीच्या बराच खाली भाव देणार, त्यात लबाडी नाही. लबाडी तेव्हा होते, जेव्हा तो वस्तू काय आहे हे ओळखून तुम्हाला लाकडाचा भाव सांगतो.

म्हणून मूल्यांकन करणारा आणि विकत घेणारा माणूस एकच नसावा. आधी लेखी मूल्यांकन, ठरलेली फी देऊन. किमतीच्या टक्क्यावर फी मागणाऱ्याला नमस्कार करावा. सॅफ्रनआर्ट, पंडोल्स, अष्टगुरू यांच्यासारखी लिलावगृहं फोटो आणि मापं पाठवली की वस्तू त्यांच्या विक्रीत बसते का ते कळवतात. शंभर तुकडे पाठवले तर फार थोडे घेतले जातील, हेही मनात धरावं. परदेशातही गडद, जड, व्हिक्टोरियन वळणाच्या फर्निचरची मागणी गेल्या वीसेक वर्षांत बरीच ओसरली आहे. लहान घरं, पांढऱ्या भिंती. वाजवी नक्षीचं साधारण मेज आज वडिलांच्या काळापेक्षाही कमी जाऊ शकतं, आणि कुटुंबाला हे ऐकवणं कुणालाच आवडत नाही. उत्तम काम, मूळ पृष्ठभाग आणि मागं घराण्याची हकीकत असलेली वस्तू मात्र टिकून आहे.

कायदा थोडक्यात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षं झालेली कलावस्तू पुरावस्तू ठरते. अशा वस्तूंचा विक्रीव्यवसाय करायला परवाना लागतो, आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. तशी पाठवली तर सहा महिने ते तीन वर्षं कैद. न्यू जर्सीतल्या नातीला आजीचा नक्षीदार झोपाळा हवा असतो, तेव्हा ही गोष्ट कंटेनर ठरवण्याच्या आधी पाहावी. वय कमी असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला घेता येतो. शिसवाला आणखी एक अट आहे. २ जानेवारी २०१७ पासून डालबर्गियाच्या सगळ्या जाती साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात आल्या, त्यामुळे नव्या-जुन्या शिसवी वस्तूलाही सीमा ओलांडताना कागदपत्रं लागू शकतात. आणि हस्तिदंत. गोव्याच्या किंवा विशाखापट्टणच्या जुन्या पेटीवर हस्तिदंताची जडावट असेल तर ती विकायचा विचार सोडावा. त्याच्या व्यापाराला इथं पूर्ण बंदी आहे, वस्तू कितीही जुनी असो.

पुरावस्तू कायद्यातली एक ओळ वाडे पाडणाऱ्यांना ठाऊक नसते. इमारतीपासून सुटी केलेली वस्तूही पुरावस्तूच्या व्याख्येत येते. पुणे, नाशिक, सातारा, वाई इथं वाडा उतरवायचं कंत्राट दिलं जातं तेव्हा त्यात सुरूचे खांब, केळफुलाची नक्षी असलेल्या तुळयांची टोकं आणि गणेशपट्टी सरसकट 'जुनं लाकूड' म्हणून जाते, तीही घनफुटावर. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पुण्यात असं किती गेलं याची मोजदाद नाही. संग्राहक दिनकर केळकरांनी वाड्यांचे दरवाजे, खिडक्या, कंस माणसं जळणाला काढत असताना विकत घेतले, मागून आणले, आणि कोथरूडचा मस्तानी महाल उचलून आपल्या पुण्याच्या संग्रहालयात पुन्हा उभा केला. त्यांनी प्रत्येक वस्तू कुठून आली हे विचारलं, हे मला त्यांच्या खरेदीहून मोठं वाटतं. वाड्यातून सुटलेल्या खांबाला गाव नसलं की तो हॉटेलच्या सजावटीचा खांब होतो, आणि त्याची किंमतही तेवढीच.

गोव्यात गोष्ट वेगळ्या वाटेनं घडली. १९६१ च्या गोवा मुक्तीनंतर आणि कूळ कायद्यानंतर जमीनदार घराण्यांचं उत्पन्न आटलं, घर सांभाळणं जड झालं, आणि दिवाणखान्यांतल्या खुर्च्या, पलंग, घरगुती देव्हारे एकामागून एक मुंबई आणि परदेशच्या वाटेला लागले. जी घरं टिकली त्यांत फरक लगेच दिसतो. चांदरच्या ब्रागांझा वाड्यात पोर्तुगालच्या राजा दों लुईशनं कुटुंबाला दिलेल्या उंच पाठीच्या खुर्च्या अजून त्याच घरात आहेत. त्या खुर्च्यांची नक्षी पाहायला माणसं येतात त्याहून जास्त ती हकीकत ऐकायला येतात. गोव्याबाहेर गेलेल्या कित्येक वस्तूंना आज कॅटलॉगात फक्त 'इंडो-पोर्तुगीज' एवढं बिरुद उरलं आहे.

*

खारच्या बहिणींनी संच मोडला नाही. एकीच्या मुलानं बदललेल्या पायाची नोंद, मापं, गिरगावच्या घरातले दोन जुने फोटो, आणि आजोबांनी सांगितलेलं जे काही दोघींना आठवत होतं ते सगळं एका कागदावर उतरवून काढलं. आठवणीतलं आणि पुराव्यातलं वेगळं लिहिलं, हे त्यानं फार शहाणपणाचं केलं, कारण तपासणाऱ्याला एक खोटी गोष्ट सापडली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. मेजाखालच्या कागदावर अतिनील उजेडात 'मेडोज' एवढी अक्षरं स्पष्ट झाली, पुढचं अर्धवट. तेवढ्यानं संच कोणत्या रस्त्यावरून आला ते कळलं.

दुकान मात्र कळलं नाही, आणि कारागीर तर नाहीच. जे. जे. कलाशाळेत १८९१ साली माजी गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं कार्यशाळा सुरू झाली, तिथपासून पुढं निदान काही शिकाऊ कारागिरांचा माग लागू शकतो. त्याआधीच्या मेडोज स्ट्रीटवरच्या माणसांसाठी दुसरी वाट आहे. टाइम्स ऑफ इंडियाच्या एकोणिसाव्या शतकातल्या वार्षिक निर्देशिका ग्रंथालयांत पडून आहेत, त्यांत व्यापाऱ्यांची नावं आणि पत्ते छापलेले असत. मुंबईतल्या घरांत मेजं, कपाटं, खण उलटे करून त्यांच्या तळाची लेबलं, शिक्के, पटाशीच्या खुणा टिपल्या आणि त्या निर्देशिकांशी ताडून पाहिल्या, तर दुकानांची यादी बनू शकते. इतिहासाच्या एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला दोन वर्षांचं काम. संग्रहालयांनी आणि लिलावगृहांनी मिळून त्याला विद्यावेतन द्यावं, आणि ज्यांच्या घरी असं फर्निचर आहे त्यांनी पॉलिशवाल्याला बोलावण्याआधी त्या विद्यार्थ्याला दार उघडावं.